कार्डिफचे घर, विगनचे मैदान : बिली बॉस्टन यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जून २०२५ मध्ये रग्बी लीगचे माजी खेळाडू बिली बॉस्टन यांना 'सर' हा किताब मिळाला, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते आणि त्यांनी खेळणे थांबवून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. रग्बी लीगच्या एकाही खेळाडूला त्याआधी हा मान मिळालेला नव्हता. या दिरंगाईचे मूळ शोधायचे, तर रग्बीची दोन शकले कशी झाली तिथपर्यंत मागे जावे लागते.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डमधील जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी रग्बी युनियनपासून फारकत घेतली. गिरण्यांत आणि खाणींत राबणारा खेळाडू शनिवारी सामन्याला गेला की त्याची रोजी बुडत असे. ती भरून देण्याची मुभा क्लबांना हवी होती आणि हौशीपणाचा आग्रह धरणाऱ्या युनियनने ती नाकारली. फुटून निघालेल्या क्लबांनी पुढे १९०६ मध्ये संघ पंधरावरून तेरा खेळाडूंचा केला, नियमही बदलले आणि त्यातूनच आजचे रग्बी लीग आकाराला आले. दक्षिण वेल्समध्येही खाणकामगारच खेळत, पण तिथे रग्बीचा जुना, युनियन हा प्रकार राष्ट्राभिमानाचा विषय होता. मग उत्तर इंग्लंडमधील लँकेशर-यॉर्कशरच्या लीग क्लबांची माणसे खेळाडू मिळवायला रोख रक्कम घेऊन वेल्समध्ये फिरू लागली. पैसे घेणाऱ्याला युनियनची दारे कायमची बंद होत. 'उत्तरेला गेला' एवढ्या दोन शब्दांत लोक सारे समजून घेत. खुद्द युनियनने १९९५ मध्ये व्यावसायिकता स्वीकारली, त्यानंतरच ही ये-जा मंदावली.

बॉस्टन यांचा जन्म १९३४ चा, कार्डिफच्या गोदीला लागून असलेल्या आणि 'टायगर बे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतला. देशोदेशीच्या खलाशांची ती वस्ती होती. वडील सिएरा लिओनचे, तर आई आयरिश वंशाची. कार्डिफ क्लबकडून आणि पुढे वेल्सकडून खेळावे, हे त्यांचे स्वप्न होते. कार्डिफचे मैदान घरापासून चालत जाण्याइतके जवळ होते, पण तिथून बोलावणे कधी आले नाही आणि ते नीथ क्लबकडून खेळले. कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारा लेखी नियम कुठेच नव्हता आणि त्याची गरजही भासत नसावी, कारण वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

सक्तीच्या लष्करी सेवेत रॉयल सिग्नल्सकडून खेळताना सैन्यचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी सहा ट्राय केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे सहा वेळा चेंडू टेकवला. त्याच वर्षी, १९५३ मध्ये, उत्तर इंग्लंडमधील विगन या लीग क्लबचे प्रतिनिधी घरी आले. ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. टेबलावर दीड हजार पौंडांच्या नोटा मांडल्या गेल्या. पाहुण्यांनी काढता पाय घ्यावा म्हणून आईने दुप्पट रक्कम मागितली आणि त्यांनी ती मोजून दिली. करार झाला आणि वेल्सचा लाल गणवेश अंगावर येण्याची शक्यता संपली.

विगनच्या पहिल्या संघातून अवघे सहा सामने खेळलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलाची १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात निवड झाली. अशा दौऱ्यावर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. दौऱ्यात त्यांनी ३६ ट्राय करून विक्रमच केला. विंगरने, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणाऱ्याने, कडेने निसटत पळावे, असा संकेत असताना भक्कम शरीराचे बॉस्टन अडवायला येणाऱ्याला धडक देऊनही पुढे जात. विगनकडून ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय आणि संपूर्ण कारकिर्दीत ५७१, हे त्यांचे आकडे. त्यांच्यापुढे फक्त ऑस्ट्रेलियात जन्मलेले ब्रायन बेव्हन आहेत. विगनने १९५८ आणि १९५९ मध्ये चॅलेंज कप जिंकला, १९६० मध्ये लीगचे अजिंक्यपदही मिळवले.

तरीही त्वचेचा रंग पाठ सोडत नव्हता. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील विश्वचषकानंतर ग्रेट ब्रिटनचा संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथल्या वर्णभेदी राजवटीमुळे बॉस्टन मात्र संघाबरोबर न जाता थेट मायदेशी परतले. खेळाच्या धुरिणांनी दौराच रद्द करायला हवा होता, असे आज कोणीही म्हणेल. तेव्हा तो ठरल्याप्रमाणे पार पडला.

१९६८ मध्ये त्यांनी विगन सोडले, काही काळ ब्लॅकपूल बरो या क्लबसाठी खेळून १९७० मध्ये निवृत्ती घेतली आणि विगनमध्येच पब चालवला. कार्डिफला मात्र आपल्या या मुलाची आठवण सावकाश झाली. जुलै २०२३ मध्ये कार्डिफ बे येथे बॉस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिसमन यांचा एकत्रित पुतळा उभा राहिला. सलिव्हन यांनी १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनला विश्वचषक जिंकून दिला होता, तर रिसमन हे लाटव्हियातून आलेल्या कुटुंबातले. तिघेही कार्डिफचे आणि तिघांनीही नाव कमावले ते उत्तरेला जाऊन.