काडतुसातले प्लास्टिक आणि त्याच्या पर्यायांची पार्श्वभूमी

बारा बोअरच्या बंदुकीचे काडतूस कापून पाहिले, तर तळाशी धातूची वाटी, तिच्या मध्यभागी चाप ओढताच ठिणगी पाडणारी टिकली, तिच्यावर दारू, वरच्या टोकाला छर्रे आणि दारू व छर्रे यांच्या मध्ये बसवलेला वॅड नावाचा पेला एवढ्या वस्तू दिसतात. हे सारे ज्या नळकांड्यात भरलेले असते ते आज बहुधा प्लास्टिकचेच असते, आणि वॅडही. रिकामे नळकांडे नेमबाजाच्या आसपासच पडते, त्यामुळे मनात असेल तर ते उचलता येते. वॅड मात्र छर्र्यांबरोबरच नळीबाहेर पडतो, हवेच्या माऱ्याने त्याच्या पाकळ्या उलगडतात, वेग मंदावतो आणि तो बऱ्याच अंतरावर गवतात किंवा पाण्यात जाऊन पडतो. त्याचे वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम असते. जमिनीत विरून जाणाऱ्या प्लास्टिकचा काडतुसांसाठी जो शोध चालला आहे, तो मुख्यतः या न सापडणाऱ्या तुकड्यासाठी आहे.

हे प्लास्टिक काडतुसात मुळात नव्हते. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीत दारूवर चिंध्या किंवा काथ्या गजाने ठासत आणि मग छर्रे भरत. एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार काडतुसे आली, तेव्हा नळकांडे जाड कागदाचे आणि वॅड लोकरीच्या नमद्याचा, पुठ्ठ्याचा किंवा वनस्पतीजन्य तंतूंचा असे. जमिनीवर पडले की ते सारे पाऊस आणि वाळवी यांच्या स्वाधीन होई. कागदी काडतुसाचा दोष मात्र त्रासदायक होता : दमट हवेत ते फुगे आणि ऐनवेळी नळीत शिरेना. 1960 च्या सुमारास अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने पॉलिथिलीनचे नळकांडे बाजारात आणले, आणि त्याच दशकात वायूचा दाब अडवणारी चकती व छर्रे सांभाळणारा पेला एकत्र असलेला अखंड प्लास्टिकचा वॅड रुळला. त्यामुळे मऊ शिशाचे छर्रे नळीला घासून विद्रूप होईनात आणि छर्र्यांचा पसारा आटोपशीर पडू लागला. सोय इतकी उघड होती की कागद मागे पडला, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

यापुढचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण प्लास्टिकची पकड घट्ट झाली ती एका पर्यावरणीय निर्णयामुळे. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. खड्यांच्या जोडीने तळ्याच्या तळाशी साचलेले शिशाचे छर्रेही त्यांच्या पोटात जातात आणि विषबाधेने पक्षी मरतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आले होते. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे टप्प्याटप्प्याने बंद करून 1991 मध्ये देशभर मनाई केली. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाच्या छर्र्यांवर सरसकट बंदी घातली. युरोपीय संघात पाणथळ जागांसाठीचा निर्बंध फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. शिशाच्या जागी आलेले पोलादी छर्रे स्वस्त असले तरी कठीण असतात, आणि नळीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जाड पेला लागतो. तो नमद्याचा करून भागत नाही. म्हणजे पाण्यातले विष कमी करण्यासाठी किनाऱ्यावरचे प्लास्टिक पत्करावे लागले. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांवर कचऱ्याची मोजदाद करणाऱ्यांच्या तक्त्यात काडतुसांसाठी स्वतंत्र रकाना आहे, यावरून त्याचे प्रमाण ध्यानात यावे. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटनमधील नऊ नेमबाजी व ग्रामीण संघटनांनी शिकारीच्या काडतुसांतून पाच वर्षांत शिसे आणि एकदाच वापरायचे प्लास्टिक दोन्ही स्वेच्छेने हद्दपार करण्याचे आवाहन केले, ते याच कोंडीतून.

पर्यायांपैकी पहिली पिढी फसवी होती. साध्या पॉलिथिलीनमध्ये रसायने मिसळून ते उन्हात लवकर तडकेल अशी व्यवस्था केली की वस्तू दिसेनाशी होते, पण तिचे बारीक कण मातीतच राहतात. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने असे प्लास्टिक बाजारात आणण्यास मनाई केली. त्यानंतर पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे वॅड आले. स्टार्चमिश्रित द्रव्ये, दुग्धाम्लापासून बनणारे पीएलए आणि जिवाणूंच्या पोटात चरबीसारखे साठणारे पीएचए यांचेही प्रयोग झाले. पीएचएच्या कुळातले पहिले द्रव्य फ्रान्समध्ये मोरीस लमॉन्य यांनी 1926 मध्येच ओळखले होते. काडतुसापर्यंत पोहोचायला त्याला जवळजवळ शतक लागले. अडचण अशी की वॅडला परस्परविरोधी कामे करावी लागतात : डब्यात अनेक वर्षे तसेच टिकायचे, स्फोटाचा दाब क्षणभर सोसायचा आणि जमिनीवर पडताच नाहीसे व्हायचे. पीएलए ठिसूळ असते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल दमट हवेत मऊ पडते.

हे पर्याय आपल्याकडे, सोलापूरच्या हवामानात आणले, तर या अडचणींना वेगळे वळण मिळते. पीएलए साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत तेवढा ताव चढायला वेळ लागत नाही. उलट त्याचे भरवशाचे विघटन होण्यासाठी तेवढीच उष्णता ओलाव्यासह आठवडेच्या आठवडे टिकावी लागते, आणि ती औद्योगिक कंपोस्टच्या ढिगातच मिळते, कोरड्या माळावर नाही. पाण्यात विरघळणारा वॅडही उन्हाळ्यात पडला तर मृगाच्या पावसाची वाट पाहत पडून राहील, आणि तोवर मेंढरांच्या तोंडी जाण्याचा धोका आहेच.

इथे शिकारीचा प्रश्न कायद्याने मिटलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला सर्वोच्च संरक्षण दिले आणि 1979 मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज गावाचा परिसर ज्यात येतो ते माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याआधी जीपमधून पाठलाग करून होणाऱ्या शिकारीने या पक्ष्याचे मोठे नुकसान केले होते. आज बारा बोअर उरली आहे ती परवानाधारक शेतकऱ्यांकडे आणि मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या क्रीडा नेमबाजांकडे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुहेरी ट्रॅपचे, म्हणजे एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्या टिपण्याच्या प्रकारातले, रौप्यपदक जिंकल्यावर या खेळाकडे लक्ष वळले. एका फेरीतच एकेक खेळाडू डझनावारी वॅड मैदानात टाकतो. ते एकाच पट्ट्यात पडतात, म्हणून तिथे वेचणी तरी शक्य आहे. शेताच्या बांधावरून रानडुक्कर हुसकावणाऱ्याच्या बाबतीत तीही नाही.

महाराष्ट्राची 2018 ची प्लास्टिकबंदी आणि केंद्राची 1 जुलै 2022 पासूनची बंदी पिशव्या, काटे-चमचे, कानकाड्या अशा वस्तू डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. काडतूस त्या यादीत नाही. केंद्राच्या 2024 च्या सुधारित नियमांनी मात्र विघटनशील प्लास्टिकने सूक्ष्म कण मागे ठेवता कामा नयेत अशी अट घातली आहे, आणि कोणी असा वॅड इथे विकू पाहिला तर त्याला तिचे उत्तर द्यावे लागेल. कच्च्या मालाचा तुटवडा सोलापुरात नसावा, कारण पीएलएसाठी लागणारी साखर या जिल्ह्यातल्या उसातून निघते, आणि पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीजवळ अशा जैवप्लास्टिकचा प्रायोगिक प्रकल्प 2024 मध्ये सुरू केला आहे.