कोयासानच्या वाटा कुणी आखल्या?

जपानमध्ये ओसाकाहून रेल्वेने निघालं की गोकुराकुबाशी हे शेवटचं स्टेशन लागतं. तिथून केबल कार पाच मिनिटांत कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या माथ्याजवळ नेऊन सोडते. ही सोय 1930 सालची. त्याआधीची अकराशे वर्षं इथे यायचं म्हणजे डोंगर चढायचा. कोयासान हे एकच एक शिखर नाही. आठ शिखरांच्या वेढ्यात, सुमारे 800 मीटर उंचीवर वसलेलं ते एक सपाट खोरं आहे. इथे आज 117 मंदिरं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मंदिरांत मुक्कामाची सोय होते. देवळांचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं. मला मात्र या डोंगराचा इतिहास त्याच्या पायवाटांतून जास्त चांगला कळतो.

सुरुवात कूकाईपासून होते. 804 साली हा तरुण भिक्षू चीनला गेला. तांग राजधानी चांगआनमध्ये त्याने अमोघवज्राचे शिष्य हुइगुओ यांच्याकडून मंत्रमार्गाची दीक्षा घेतली. वायव्य भारताकडून आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे तो संस्कृत शिकला. 806 मध्ये तो परतला. 816 साली सम्राट सागा यांनी साधनेसाठी कोयाचा डोंगर त्याला दिला. वैरोचन बुद्धाची उपासना, मंत्र, मुद्रा आणि होम असलेला शिंगोन हा बौद्ध पंथ इथे रुजला. होमाला तिथे आजही ‘गोमा’ म्हणतात.

पायथ्याच्या जिसोनइन मंदिरापासून वर निघणारी चोइशिमिची ही मुख्य जुनी वाट सुमारे 20 किलोमीटरची आहे. कूकाईची आई मुलाला भेटायला आली, पण बाईमाणसाला वर जायची मुभा नव्हती, म्हणून ती जिसोनइनलाच राहिली आणि कूकाईच महिन्यातून नऊ वेळा खाली उतरून तिला भेटायचा, अशी आख्यायिका आहे. या वाटेवर अंतर दाखवायला पूर्वी लाकडी खुणा होत्या. त्या कुजत. म्हणून 1265 पासून वीस वर्षं खपून दगडी स्तंभ उभारले गेले. दर 109 मीटरला एक, असे 180 स्तंभ, म्हणजे गर्भधातू मंडल या शिंगोन पंथाच्या पवित्र चित्रातल्या देवतांइतके. प्रत्येकावर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत त्या देवतेचं बीजाक्षर कोरलेलं आहे, शिवाय क्रमांक आणि दात्याचं नाव. आकडे वरून खाली मोजलेले असल्याने चढणाऱ्याला ते कमी कमी होत जाताना दिसतात. नागरी वाचणाऱ्या माणसाला त्यातलं एखादं अक्षर ओळखीचं वाटतं, आणि हा प्रवास किती लांबून सुरू झाला होता हे त्या दगडापाशीच उमजतं.

माथ्यावर ही वाट गारान या मंदिरसंकुलापाशी येते आणि पुढे ओकुनोइन या कूकाईच्या समाधिस्थानाकडे जाते. 835 मध्ये कूकाईचं देहावसान झालं नाही, तो तिथे ध्यानस्थ आहे, अशी शिंगोनपंथीयांची श्रद्धा. त्याला रोज दोनदा नैवेद्य नेला जातो. कोयाचे फिरते साधू देशभर हिंडून ही महती सांगत, देणग्या गोळा करत, मृतांच्या अस्थी घेऊन येत. त्यातूनच तिथे देवदारांखाली दोन लाखांहून अधिक समाध्यांचं ते अफाट स्मशान उभं राहिलं. 1581 साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने या साधूंपैकी शेकडोंना ठार केलं. त्या नोबुनागाचंही स्मारक आज ओकुनोइनमध्येच आहे.

पण सगळ्यात जास्त बोलायला हवं ते न्योनिनमिची, म्हणजे स्त्रियांच्या वाटेबद्दल. कोयाला येणाऱ्या सात वाटांच्या तोंडाशी स्त्रियांसाठी एकेक न्योनिंदो, म्हणजे निवारा आणि उपासनेची जागा होती. त्यापुढे त्यांना प्रवेश नव्हता. कित्येक दिवस चालून आलेल्या बायका मग काय करत? कड्याकड्याने, शिखरांच्या धारेवरून डोंगराला वळसा घालत, आणि झाडांच्या फटींतून खालच्या देवळांना हात जोडत. त्यांच्या पावलांनी ही वाट पडली. ज्यांना आत घेतलं नाही त्यांनी चढउतार जास्त असलेला रस्ता चालून आपली यात्रा पुरी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1872 मध्ये मेइजी सरकारने बंदी उठवली, तरी कोयावर खरी मोकळीक मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. सात न्योनिंदोंपैकी फुदोझाका चढणीच्या माथ्यावरचं एकच आज उभं आहे.

2004 साली युनेस्कोने ‘की’ नावाच्या पर्वतरांगेतली तीर्थं आणि यात्रामार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात चोइशिमिची होती, कुमानो या दुसऱ्या तीर्थाकडे जाणारी कोहेचीची खडतर डोंगरवाटही होती. न्योनिनमिचीचा समावेश मात्र 2016 च्या विस्तारात झाला.