ईसीजी नॉर्मल आला, मग त्रास कसला?

आमच्या मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त काय खपतं विचाराल तर गॅसची गोळी. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक तेच मागतं. आता त्यातल्या बऱ्याच जणांना खरोखर ॲसिडिटी असते, उपाशीपोटी दोन-दोन चहा आणि वर वडे-सागोती म्हटल्यावर होणारच. पण काही जण असे असतात की वर्षभर गोळी चालू आहे, दोनदा ईसीजी झाला, टू-डी इको झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल, आणि तरी छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात, रात्री तीनला जाग येते ती येतेच. मग कधीतरी एखादा डॉक्टर चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशन आणि घबराटीवरची गोळी, लिहितो आणि तो माणूस दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून हळूच विचारतो, "ही डोक्याची गोळी तर नाय ना?"

आपल्या कोकणात मानसिक आजार म्हटलं की डोळ्यासमोर रत्नागिरीचं मेंटल हॉस्पिटल येतं. १८८६ सालचं ते, राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. "तुला रत्नागिरीला टाकायला पायजे" हे तर आपण मित्रांना दिवसातून चारदा म्हणतो. त्यामुळे झालंय असं की अंगावरचे कपडे फाडणारा, रस्त्यात एकटाच बोलत फिरणारा, तोच काय तो मनोरुग्ण, आणि बाकी सगळ्यांना गॅस. प्रत्यक्षात गणित उलटं आहे. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने १२ राज्यांत सर्व्हे केला (महाराष्ट्र त्यात नव्हता), त्यात मोठ्या माणसांमध्ये साधारण दहात एकाला काही ना काही मानसिक आजार निघाला आणि बहुतेक आजारांमध्ये शंभरातल्या सत्तरपेक्षा जास्त लोकांना उपचारच मिळत नव्हते. दहात एक म्हणजे तुमच्या वाडीत किती झाले ते तुम्हीच मोजा. हे सगळे भरती करायचे पेशंट नाहीत, हे एसटीत तुमच्या शेजारी बसून तिकीट काढणारे लोक आहेत. आणि त्यांचा आजार ओळखू येत नाही कारण तो छातीतून, पोटातून, पाठीतून बोलतो.

पॅनिक अटॅक घ्या. माणूस बाजारात उभा आहे, काही कारण नाही, आणि एकदम काळीज तोंडाशी येतं, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आता मी मरतो असं वाटतं. घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात, तिथे पोचेपर्यंत निम्मं ओसरलेलं असतं, ईसीजी नॉर्मल येतो, आणि मग सगळे म्हणतात "नाटक करतो". नाटक बिटक काही नाही हो. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला खोलवर अमिग्डाला नावाचा छोटासा भाग आहे, बदामाएवढा, त्याचं काम धोका हुंगणं. वाडीतलं एखादं कुत्रं पान हललं तरी भुंकतं ना, तसा काही जणांचा अमिग्डाला होऊन बसतो. तो भुंकला की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय धावायला लागतं, श्वास भराभर होतो. पुढची गंमत मात्र रसायनशास्त्राची आहे. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन काही कमी पडत नाही, उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर टाकला जातो. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून चक्कर येते, रक्ताची आम्लता बदलते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. म्हणजे ज्याला वाटतंय श्वास पुरत नाही तो खरं तर जास्तीचा श्वास घेतोय! अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरतो. पण एक नीट ऐका, छातीत पहिल्यांदा दुखलं तर ते पॅनिकच असणार असं घरबसल्या ठरवू नका, ईसीजी काढाच. चौथ्या नॉर्मल ईसीजीनंतर पाचवा काढण्यापेक्षा मात्र मानसोपचाराच्या ओपीडीत जा.

अटॅक येऊन गेला की "परत आला तर?" ही भीती सुरू होते आणि ती जास्त वाईट. माणूस बाजारात जायचं टाळतो, मग एसटी टाळतो, मग लग्नकार्यं, आणि शेवटी घराच्या पडवीपर्यंत येऊन थांबतो.

डिप्रेशनचं वेगळं. त्यात रडायला येतंच असं नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका सांगतात अंग मोडून येतं, डोकं जड आहे, जेवण जात नाही, कामाला हात लावावासा वाटत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळ्या मागतात. डॉक्टर लोक काय बघतात तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदास आहे का किंवा आवडत्या गोष्टीतली गोडीच गेली आहे का, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, लक्ष लागणं बिघडलंय का, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटतं का, मरणाचे विचार येतात का. जो माणूस शिमग्याला पालखी नाचवायला सगळ्यात पुढे असायचा तो यंदा गडग्यावर बसून नुसता बघत होता, हे लक्षण "रडतो का" यापेक्षा जास्त सांगून जातं. आणि मरणाचा विषय काढला तर त्याच्या डोक्यात नसेल ते घालू अशी भीती लोकांना वाटते, ती खोटी आहे, सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, बोलायला वाट मिळते. हो, आणि थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा तपासून घ्या, कारण थायरॉईड कमी झालं की अगदी डिप्रेशनसारखंच दिसतं.

मेंदूत निरोप पोचवणारं सिरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं म्हणून डिप्रेशन येतं, गोळीने ते भरून निघतं, ही गोष्ट ऐकायला छान आहे पण विज्ञान एवढं सोपं नाही. गोळी सिरोटोनिनवर काही तासांत काम सुरू करते आणि मन मात्र दोन ते चार आठवड्यांनी हलायला लागतं, म्हणजे मधे मेंदूत सावकाश काहीतरी जुळणी होत असणार. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन तर आतड्यात असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात मळमळतं. हे आधी सांगितलं नाही की लोक तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतात आणि "मला सूट झाली नाय" म्हणतात.

ओसीडी, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणारा आजार, तर आपल्याकडे सोवळ्याच्या आड मजेत लपतो. एक काकी दर महिन्याला हाताच्या भेगांना मलम न्यायच्या. भांडी घासून होत असेल म्हणून मीही देत होतो, पण त्यांच्या सुनेने सांगितलं की आई नळाखाली तासभर हात धुतात, मधे कोणी बोललं तर परत पहिल्यापासून. त्यांना कळत होतं की हे अती आहे, तरी थांबवता येत नव्हतं, आणि हेच या आजाराचं दुखणं आहे. रोजचा तासभर किंवा जास्त वेळ त्यात जात असेल आणि त्यामुळे जीव मेटाकुटीला येत असेल तर ती स्वच्छतेची आवड उरत नाही. काहींना धुण्याचं नसतं, देवाबद्दल घाणेरडे विचार आपोआप येतात आणि ते लाजेने कुणाला सांगतच नाहीत. गोळ्यांबरोबर यावर एक थेरपी आहे, ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही, थोडं थोडं वाढवत. ऐकायला क्रूर वाटते, पण चांगली चालते.

आता पुराचं. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोक माळ्यावर, गच्चीवर अडकले, त्याच दिवशी तिकडे महाडजवळ तळियेत दरड कोसळली. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२०ला, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीकडच्या सुपारी-नारळाच्या बागा झोपवल्या होत्या. अशा वेळी पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच दिसणं हे सगळ्यांनाच होतं, बहुतेकांचं आपोआप कमी होतं. महिना उलटून गेला तरी तसंच राहिलं, स्वप्नात पाणी चढतंय, त्या गल्लीतून जायचं टाळतोय, कायम कान टवकारलेले, तर त्याला पीटीएसडी म्हणतात. आता चिपळूणकर जुलैत गाडी उंचावर नेऊन लावतो आणि रात्री उठून नदीची पातळी विचारतो, त्याला मी आजार म्हणणार नाही, ती अक्कल आहे. पण फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी टँकरचं पाणी सोडल्याचा आवाज आला आणि अंगाला दरदरून घाम फुटला, तर गोष्ट वेगळी. जिवावर बेतलेल्या प्रसंगी भीतीची आठवण फार खोल कोरली जाते आणि "हे कधी, कुठे घडलं" हा संदर्भ जोडणारा भाग, हिप्पोकॅम्पस, त्या ताणात नीट काम करत नाही, म्हणून आठवण जुनी झाल्यासारखी वाटतच नाही, आत्ता चाललंय असं वाटतं. याला झोपेच्या गोळ्या देऊन भागत नाही, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाबरोबर ती आठवण परत परत, सुरक्षित जागी बसून उलगडावी लागते. नुकसानभरपाईचे पंचनामे झाले, याचे पंचनामे कोण करणार!

बायपोलरमध्ये काही काळ डिप्रेशन आणि काही काळ त्याच्या उलट. दोन-तीन तास झोपून माणूस ताजातवाना, बोलणं थांबत नाही, गावातल्या चार आंब्याच्या बागा कराराने घेतो आणि खिशात दमडी नसते. घरच्यांना सुरुवातीला वाटतं पोरगं कामाला लागलं. त्यावरचं जुनं आणि अजूनही दमदार औषध लिथियम, ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली मांडलेलं, साधं खनिज मीठ. पण त्याचा डोस आणि विषबाधा यात अंतर फार थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने पाणी गेलं, जुलाब झाले, किंवा कंबर दुखते म्हणून काउंटरवरून डायक्लोफेनॅक घेतली तरी रक्तातलं लिथियम वाढू शकतं. तेव्हा लिथियम चालू असेल तर मेडिकलवाल्याला सांगा बाबांनो, लाजू नका.

स्किझोफ्रेनियाबद्दल पहिला गैरसमज असा की एका माणसात दोन माणसं. तसं काही नसतं. आवाज ऐकू येतात, शेजारी करणी करतात असा पक्का संशय बसतो, आणि हळूहळू माणूस अंघोळ-जेवणही सोडून कोपऱ्यात बसतो. बहुतेक वेळा तरुण वयात सुरू होतो, आयुष्यात कधीतरी होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास धरतात. १९५२ साली पॅरिसमध्ये यावर क्लोरप्रोमाझिन नावाचं औषध वापरायला लागले आणि चित्र बदललं. पण त्याच्या आधी १९३१ला कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी आपल्या सर्पगंधाचा उपयोग वेडावर आणि ब्लडप्रेशरवर होतो हे लिहून ठेवलं होतं, ती वनस्पती आपल्या सह्याद्रीतही उगवते. उगाच मुळी उगाळून देऊ नका मात्र, त्यातल्या रेसरपिनने बीपी धाडकन उतरतं आणि वर डिप्रेशन येऊ शकतं.

आणि दारू. रोज पिणारा माणूस देवळात शपथ घेतो, माळ घालतो आणि एका दिवसात बंद करतो, गाव कौतुक करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम, अंगावर किडे चढताना दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो. लगेच देवचार लागला म्हणून भगताकडे. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, यात माणूस दगावू शकतो, आणि यावर हॉस्पिटलात सलाईन, थायमिन आणि विशिष्ट गोळ्यांनी नेमका उपचार आहे. जुन्या पिणाऱ्याने दारू सोडावीच, पण डॉक्टरला सांगून सोडावी.

देवस्कीबद्दल माझं मत विचाराल तर गाऱ्हाणं घाला, नारळ द्या, कौल लावा, त्यात भांडायला मी जात नाही, कारण घरच्या माणसांना धीर लागतो आणि तो कुठून तरी मिळतो. गोळी मात्र बंद करायची नाही. आणि भूत उतरवायला मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही साखळी चालत नाही.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातही ओपीडी आहे, ओपीडीत गेलं म्हणून कोणी आत ठेवून घेत नाही. घाटात दरड आली, गाडी नाही, तर १४४१६ला फोन लावा, टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. अल्प्राझोलाम, ती घबराट आणि झोपेसाठीची गोळी, "दोनच द्या हो" म्हणून कोणी मागितली तर मी देत नाही, ती औषधांच्या एच-वन यादीतली गोळी आहे, चिठ्ठी लागते, रजिस्टरला नाव लिहावं लागतं, आणि सवय लागली की सोडवताना नाकी नऊ येतात. चाकरमानी गणपतीला येतात, डिप्रेशनच्या चालू गोळ्या विरारला विसरतात, आणि चौथ्या दिवशी चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं म्हणून दुकानात येऊन उभे राहतात, एकदम बंद केल्याने होतं ते. तर बॅगेत मोदकाचा साचा टाकताना गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही टाका, चिठ्ठी नसली तर मला गोळी देता येत नाही, मग कितीही ओळखीचे असा.