स्टीफन डग्लस आणि ‘लोकसार्वभौमत्वा’चा गुंता

आपल्याकडे अमेरिकी राजकारणी डग्लस भेटतात ते लिंकनच्या चरित्रात, सिनेटच्या निवडणुकीतल्या वादसभांतला ‘दुसरा माणूस’ म्हणून. प्रत्यक्षात त्या सभांच्या वेळी, १८५८ साली देशभर गाजलेलं नाव त्यांचंच होतं. जन्म व्हरमाँटचा (१८१३), नशीब काढलं इलिनॉयमध्ये. सत्ताविसाव्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश, १८४७ पासून सिनेटर. उंची जेमतेम पाच फूट चार इंच.

सगळं अडतं ते १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यापाशी. पश्चिमेकडची रेल्वे शिकागोवरून जायची तर वाटेतल्या मुलखात सरकार हवं, आणि त्यासाठी गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची मतं हवीत. किंमत ठरली ३६ अंश ३० मिनिटांची अक्षांशरेषा. तिच्या उत्तरेकडच्या मुलखात १८२०पासून असलेली गुलामगिरीची बंदी उठवायची आणि तिथल्या रहिवाशांनीच काय ते ठरवायचं. सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १४, खालच्या सभागृहात ११३ विरुद्ध १००.

याला नाव दिलं लोकसार्वभौमत्व. आपल्या नागरिकशास्त्रातला हा भारदस्त शब्द तिथे मात्र सोयीचा होता. ठरवायचं कधी? वसाहतीची, म्हणजे अजून राज्य न झालेल्या मुलखाची, विधानसभा भरली की लगेच, असं उत्तरेतले डेमोक्रॅट सांगत. राज्य होताना, राज्यघटना लिहिताना, त्याआधी नाही, असं दक्षिणेतले. दोघांनी एकाच मसुद्याला मत दिलं, कारण त्यात मुदत लिहिलीच नव्हती. होतं ते इतकंच, की लोक मोकळे आहेत, ‘फक्त संविधानाच्या अधीन राहून’. १८५७मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने याच शेपटीवर पाय दिला: वसाहतीत गुलामगिरीला बंदी घालणं संविधानात बसत नाही. मग ठरवायला उरलं काय? लिंकनसोबतच्या फ्रीपोर्टच्या वादसभेत डग्लस म्हणाले, स्थानिक पोलिसी कायद्यांचा आधार नसेल तर गुलामगिरी एक दिवसही टिकणार नाही. उत्तर हुशारीचं खरं, पण दक्षिणेने ते कधी माफ केलं नाही. १८६०च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष फुटला; लोकांच्या मतांत डग्लस दुसरे, पण अध्यक्ष ज्यांवर ठरतो ती निर्वाचक मतं मात्र १२.

गुलामगिरी राहो वा जावो, आपल्याला त्याचं काही नाही, असं ते जाहीरपणे म्हणत. पत्नीला वारशाने मिळालेल्या मिसिसिपीतल्या मळ्यावर मात्र शंभराहून अधिक गुलाम राबत होते आणि व्यवस्थापनापोटी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा डग्लस यांना मिळे.

उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटल्यावर ते ठामपणे संघराज्याच्या बाजूने उभे राहिले आणि जून १८६१मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शिकागोत वारले. २०२०मध्ये तिथल्या त्यांच्या नावाच्या उद्यानाला, शाळकरी मुलांनी काही वर्षं नेट लावल्यावर, गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस आणि त्यांची पत्नी अ‍ॅना यांचं नाव मिळालं. इंग्रजी पाटीवर शेवटी एक ‘एस’ वाढला. मराठीत दोन्ही डग्लसच.