वरच्या कपाची लहान स्प्रे गन

रंगाचा कप डोक्यावर असलेली, हवेच्या दाबावर चालणारी फवारणीची गन. रंग वरून स्वतःच्या वजनाने नोझलमध्ये उतरतो, म्हणून दुकानात तिला ‘ग्रॅव्हिटी गन’ म्हणतात. लहान आकाराची असेल तर ‘टच-अप गन’ किंवा ‘मिनी गन’. लहान गनचा कप साधारण १०० ते २५० मिलिलिटरचा आणि नोझलचे भोक ०.५ ते १ मिलिमीटरचे असते. मोटारीचे अख्खे दार रंगवायला १.३ किंवा १.४ मिलिमीटरची मोठी गन लागते. मोटारसायकलची टाकी, खुर्चीचे पाय, खिडकीची जाळी, बंपरवरचा ओरखडा, मूर्ती ही लहान गनची कामे.

जुन्या सक्शन गनचा कप खाली असतो. तिच्यात हवेला आधी रंग वर ओढावा लागतो आणि मग फोडावा लागतो. त्यामुळे दाब जास्त लागतो आणि कपाच्या तळाला थोडा रंग उरतोच. वरच्या कपात ओढण्याचे काम जवळपास उरत नाही. कमी दाबावर भागते, धुके कमी उडते आणि शेवटच्या चमचाभर रंगापर्यंत गन चालते. मात्र ती फार कलती करता येत नाही, केली की झाकणाच्या भोकातून रंग मनगटावर येतो. हे भोक बारीक असले तरी महत्त्वाचे आहे: रंग खाली गेला की त्याच्या जागी हवा तिथूनच आत येते. ते वाळलेल्या रंगाने बुजले की गन अडखळत फवारते, आणि नवशिका नोझल खोलून बसतो.

चाप ओढला की काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या थोड्या ओढीला नुसती हवा सुटते. आणखी ओढल्यावर सुई मागे सरकून रंगाला वाट मिळते. नोझलभोवतीच्या कंकणाकृती फटीतून येणारी हवा रंगाची धार फोडून तिचे थेंब करते. नोझलवर बसणाऱ्या टोपीला, म्हणजे एअर कॅपला, दोन्ही बाजूंना शिंगे असतात. त्यांतून येणाऱ्या झोतांनी गोल फवारा दोन्हीकडून दाबला जाऊन लांबट होतो. मागचा नॉब सुई किती मागे जावी, म्हणजे रंग किती यावा, ते ठरवतो. दुसरा फवाऱ्याची रुंदी आणि मुठीखालचा हवा.

या हत्याराचे मूळ औषधाच्या फवाऱ्यात आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डिव्हिलबिस यांनी घशात औषध मारण्यासाठी फवारा तयार केला आणि १८८८ मध्ये कंपनी काढली. पुढे त्यांचे पुत्र टॉमस यांनी तीच कल्पना रंगाला लावली. गनचा खरा प्रसार १९२० नंतर मोटारकारखान्यांत झाला, कारण तेव्हा आलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर इतके झटपट वाळे की ब्रशने ते सारखे पसरवणेच अवघड होते. त्यातल्या ड्युपाँट कंपनीच्या लॅकरचे नाव ‘ड्युको’. आपल्याकडे कपाटाला ‘ड्युको मारणे’ म्हणतात ते तिथून आले, डब्यात आज रंग कुठलाही असो.

गन लावताना निम्मे काम गनच्या बाहेर असते. कंप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी आधी काढून टाकायचे आणि गनच्या अलीकडे पाणी अडवणारा फिल्टर बसवायचा. रंग कागदी गाळणीतून गाळायचा. पातळपणा मोजायला ‘बी-४’ फोर्ड कप, म्हणजे तळाला भोक असलेला मापाचा कप, वापरतात: भरलेल्या कपाची धार किती सेकंदांत तुटते ते पाहायचे. गाडीच्या रंगाला साधारण १८ ते २२ सेकंद धरतात, पण डब्यावर आकडा दिला असेल तर तोच खरा. रंग जाड राहिला की हवेचा दाब वाढवून भागवायची सवय वाईट. त्याने रंग फुटतो कमी आणि उडतो जास्त.

दाब चाप ओढलेला ठेवून, म्हणजे हवा वाहत असतानाच वाचायचा; बंद गनचा काटा खोटा दिलासा देतो. लहान गनला बहुधा २० ते ३० पौंड (दर चौरस इंचाला) पुरतात. ‘एचव्हीएलपी’ म्हणजे जास्त हवा, कमी दाब या जातीच्या गनमध्ये एअर कॅपपाशी दाब १० पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. नळी लांब आणि बारीक असेल तर वाटेत दाब पडतो, म्हणून मीटर गनच्या मुठीशी असलेला बरा.

मग पुठ्ठा. कामाला हात लावण्याआधी जुन्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवून त्यावर क्षणभर फवारायचे. चांगला फवारा उभा, लांबट, मधे भरलेला आणि कडांना विरळ होत जाणारा उमटतो. मधेच रंगाचा गोळा आला तर रंग जाड किंवा हवा कमी. डमरूसारखी कंबर पडून वर-खाली दोन ठिपके झाले तर हवा जास्त किंवा रंग कमी. फवारा केळ्यासारखा एका बाजूला वाकला तर बहुधा शिंगाचे भोक बुजलेले असते. खात्रीसाठी एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारा: वाकही उलटला तर दोष कॅपचा, जागच्या जागी राहिला तर नोझलचा. कपात बुडबुडे येत असतील तर नोझल सैल आहे किंवा त्याची बैठक खराब झाली आहे आणि हवा रंगाच्या वाटेत शिरते आहे. ‘गनच बेकार’ म्हणून माळ्यावर टाकलेल्या बऱ्याच गनांचा आजार यांपैकीच एक असतो.

फवारताना लहान गन पृष्ठभागापासून १० ते १५ सेंटिमीटरवर धरतात. लांब धरली तर रंग वाटेतच वाळून खरखरीत बसतो. फार जवळ धरली तर ओघळ येतात. मनगट न वळवता अख्खा हात पृष्ठभागाला समांतर न्यायचा, कडेच्या बाहेर चाप ओढायचा आणि पलीकडच्या कडेबाहेर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात केव्हाही चांगले. थेंब नीट मिसळले नाहीत की पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे दिसतात.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग गनने भराभर होतो. डोळ्यांची आखणी मात्र ब्रशने, हातानेच. हंगामाची घाई नेमकी पावसाळ्यात असते आणि दमट हवेत पाणी फिल्टरपर्यंत लवकर पोचते. लॅकरच्या कामाला पावसाचा आणखी एक त्रास: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकीच्या जागी दुधी पांढरट डाग दिसतो. अशा दिवशी सावकाश उडणारे थिनर घालतात, किंवा चक्क काम थांबवतात. मला दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. त्यातले टोल्युइन ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणून शेगडी, बिडी, ठिणगी मारणारा स्विच जवळपास नको. धुळीचा कापडी मास्क या वाफेला अडवत नाही, कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळायच्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंगात आयसोसायनेट असते आणि त्याने दम्यासारखा कायमचा आजार जडू शकतो. त्याला बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच योग्य.

काम संपताच कपात थिनर घालून स्वच्छ येईपर्यंत फवारायचे. अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवली तर आतले सील फुगतात. आधी सुई काढायची, मग नोझल. बसवताना उलट, सुई शेवटी. बुजलेल्या भोकात तार घालू नये, लाकडी काडी घालावी: तारेचा बारीकसा ओरखडाही पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर वाकडा फवारा होऊन उमटतो.