बर्ड फ्लू: सौम्य विषाणू जहाल होतो कसा?

एप्रिल १९८३. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कोंबड्यांमध्ये एच५एन२ नावाचा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. कोंबड्यांना श्वसनाचा त्रास होत होता, अंडी घटली होती, पण मरतूक फारशी नव्हती. ऑक्टोबर उजाडला आणि त्याच विषाणूने शेडच्या शेड रिकाम्या करायला सुरुवात केली. शंभरातल्या ऐंशीहून जास्त कोंबड्या मरू लागल्या. साथ आटोक्यात आली तोवर सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मेले होते किंवा मारावे लागले होते. गंमत अशी, की एप्रिलचा आणि ऑक्टोबरचा विषाणू शेजारी ठेवून पाहिले तर फरक अगदी किरकोळ.

तो किरकोळ फरक कळायला विषाणूच्या अंगावरच्या काट्यांकडे पाहावं लागतं. हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे हे काटे. नावातला ‘एच’ तो हाच. काट्याने विषाणू पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. मात्र हे प्रथिन तयार होतं ते अखंड, आणि अखंड असेपर्यंत ते निरुपयोगी. चिकटता येतं, आत शिरता येत नाही. ठरलेल्या जागी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी कात्री विषाणूकडे नाही. ती पक्ष्याच्याच शरीरातून उसनी घ्यावी लागते.

सौम्य विषाणूत या कापाच्या जागी बहुधा एकच आर्जिनिन असतं. आर्जिनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी. ते ओळखून कापणारी ट्रिप्सिनसारखी विकरं (एन्झाइम), म्हणजेच ती कात्री, मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात. त्यामुळे विषाणू तिथेच अडकून राहतो. त्याच जागी आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची रांग लागली, की फ्युरिन नावाचं दुसरं विकर ती कापू शकतं. आणि फ्युरिन तर जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं! मग हृदय, मेंदू, स्वादुपिंड, रक्तवाहिन्या, काहीच वर्ज्य राहत नाही. तुरा काळानिळा पडतो, डोकं सुजतं. कधीकधी तर लक्षण दिसायच्या आधीच कोंबडी मरून पडते.

ही रांग येते कुठून? मला या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. विषाणूचा आराखडा आरएनएचा, आणि त्याची नक्कल करणारं विकर मुळातच धसमुसळं. कापाच्या जागेचा मजकूर बराचसा ए आणि जी या दोनच अक्षरांचा असतो. त्यातच तिथे आरएनएला वळसा पडतो, नक्कल करणारं विकर अडखळतं, आणि तोतऱ्या माणसाने एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणावं तशी तीच अक्षरं पुन्हा लिहून टाकतं. दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल ठरतं. आता योगायोग पाहा: एएए आणि एएजी म्हणजे लायसिन; एजीए आणि एजीजी म्हणजे आर्जिनिन. म्हणजे तोतरेपणातून जी भर पडते, तीच नेमकी फ्युरिनला हवी असलेली. निसर्गात ही करामत पक्ष्यांमधल्या अनेक ‘एच’ प्रकारांपैकी फक्त एच५ आणि एच७ यांनाच साधलेली दिसते.

एच७ ची आणखी एक खोड आहे, ती म्हणजे उचलेगिरी. २००२ साली चिलीमध्ये त्याने स्वतःच्याच दुसऱ्या एका जनुकातली ३० अक्षरं कापाच्या जागी घुसवली. २००४ साली कॅनडात तिसऱ्याच जनुकातली २१. २०१२ साली मेक्सिकोत तर चक्क कोंबडीच्या पेशीतल्या रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएचा तुकडा उचलला.

पेनसिल्व्हेनियात यातलं काहीच घडलं नाही. तिथल्या विषाणूकडे ती घातक रांग एप्रिलमध्येही होती. फक्त शेजारच्या एका शर्करेच्या साखळीने ती झाकलेली होती. एक अमिनो आम्ल बदललं, साखळी गळाली, जागा उघडी पडली.

‘विषाणू अधिक घातक व्हायला पाहतो’ असं वाक्य वाचलं की मला खटकतं. विषाणू काहीच पाहत नाही. अशा चुका सर्वत्र होतच असतात. त्यातली कुठली टिकणार हे ठरवते ती जागा. रानबदकाच्या आतड्यात सौम्य विषाणू सुखाने नांदतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि उडणाऱ्या बदकाबरोबर दूर जातो. बदक लगेच मेलं तर त्याचा प्रवासही तिथेच संपतो. शेडमध्ये हिशेब उलटा होतो. एकाच वयाच्या, जवळजवळ एकाच वाणाच्या हजारो कोंबड्या एकमेकींना खेटून असतात. पहिली मरायच्या आत दुसरी गाठता येते, त्यामुळे यजमानाला मारण्याची किंमत विषाणूला मोजावीच लागत नाही. बदकांमध्ये आरएनए विषाणूची चाहूल घेणारं रिग-आय हे जनुक आहे. कोंबड्यांमध्ये ते नाहीच.

जपानमध्ये संशोधकांनी एका हंसातला निरुपद्रवी एच५एन३ विषाणू घेतला आणि कोंबडीच्या पिल्लांतून एकामागून एक नेत राहिले, आधी हवेच्या पिशव्यांतून २४ वेळा, मग मेंदूतून ५ वेळा. शेवटी हाती आला तो जहाल विषाणू. प्रयोगशाळेबाहेरची नोंदही हेच सांगते: १९५९ पासूनच्या सौम्य ते जहाल अशा ३९ बदलांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले दोन सोडून सगळे व्यावसायिक कुक्कुटपालनात घडलेले.

म्हणूनच कळपात सौम्य एच५ किंवा एच७ सापडला तरी पशुवैद्य त्याकडे दुर्लक्ष करत नाहीत. इटलीत मार्च १९९९ पासून सौम्य एच७एन१ फिरत होता. डिसेंबरमध्ये तो जहाल झाला आणि १ कोटी ३० लाखांहून अधिक पक्षी गेले.

आजचा एच५एन१ मात्र या पायरीच्या पुढे गेला आहे. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसात सापडलेल्या जहाल विषाणूचा हा वंश. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठलं, त्यातली ६ दगावली. २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर त्याने पट्टकादंब आणि इतर पाणपक्षी हजारोंनी मारले, आणि त्यानंतर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर तो खंडाखंडांत पोहोचला. सगळीच बदकं त्याने मरत नाहीत. काही तो घेऊन उडू शकतात. त्यामुळे एखाद्या शेडमध्ये सौम्याचा जहाल होण्याची त्याला गरजच उरलेली नाही. तो जहाल होऊनच येतो.