कॅरिओटाइपचं रक्त बर्फात घालू नका

परवा देवगडहून एक काका आमच्या रक्त घेण्याच्या केंद्रावर आले. कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, आणलेलं नातवाचं रक्त मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, वर बर्फ, खाली बर्फ. "बर्फात घालून हाडलंय, खराब जावचा नाय." काळजी खरी होती, पण नमुना परत करावा लागला आणि बाळाला पुन्हा सुई टोचली. असं वरचेवर होतं, म्हणून हे पत्रक.

साखर किंवा थायरॉइडच्या तपासणीत रक्तातला एखादा पदार्थ मोजतात. कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, मोजायची असतात, आणि ती नीट दिसतात पेशी विभागत असतानाच. म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास ३७ अंशांवर वाढवतात, ऐन विभागणीत औषधाने थांबवतात, रंगवतात आणि मग मोजतात. पेशी जिवंतच नसतील तर वाढवणार काय? बर्फाने रक्त गोठून बर्फासारखं झालं की पेशी फुटतात. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या) जांभळ्या टोपणाच्या नळीतलं द्रव्यही पेशींच्या वाढीला मारक. आम्हाला हिरव्या टोपणाची, सोडियम हेपरिनची नळीच लागते, तीही घरातल्या साध्या तापमानाला. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवलेली नळीसुद्धा नको.

शुक्रवार-शनिवारी आम्ही हे रक्त घेत नाही, त्यावरून वाद होतात. रविवारी तिकडे नळी उघडायला कोणी नसतं. पावसाळ्यात गाड्या रखडतात, तेव्हा फक्त सोमवार-मंगळवार. उपाशी येण्याची गरज नाही, लहान बाळाला तर मुळीच उपाशी ठेवू नका.

रिपोर्टबद्दल थोडं. माणसाची गुणसूत्रं ४६, हे १९५६ साली पक्कं झालं. त्याआधी पुस्तकांत ४८ छापत. २१ क्रमांकाचं एक जास्त असलं की डाउन सिंड्रोम: स्नायू सैल, वाढ आणि शिकणं सावकाश, कधी हृदयात दोष. १८ किंवा १३ चं जास्त असलं तर बाळाची प्रकृती फार नाजूक असते. मुलीत दोनऐवजी एकच एक्स (लिंग ठरवणाऱ्या एक्स-वाय गुणसूत्रांपैकी) असला तर टर्नर: उंची कमी, पाळी आपोआप सुरू न होणं. मुलात एक्स एक्स वाय म्हणजे क्लाइनफेल्टर, तो पुष्कळदा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासताना कळतो.

सुनेने ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं, असं काउंटरवर ऐकू येतं. कृपया असं बोलू नका. ही चूक बहुधा बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना होते, तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. आईचं वय वाढलं की डाउनची शक्यता वाढते, हे खरं. पण टर्नरमधला हरवलेला एक्स बहुतेक वेळा वडिलांकडचा असतो.

"आईवडिलांचंही रक्त द्यायचं का?" डाउनच्या सुमारे ९५ टक्के मुलांत २१ चं गुणसूत्र सुटं जास्त असतं, तिथे सहसा गरज नसते आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो. जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला दिसला तर मात्र दोघांची तपासणी करा, पुढच्या बाळंतपणाचा धोका त्यावरून ठरतो. पोटातल्या बाळाची तपासणी आमच्याकडे होत नाही.

नळी आणि तापमानाच्या या अडचणींमुळे दुसरीकडे काढलेलं रक्त आम्ही घेत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी आमचा माणूस हिरवी नळी घेऊन घरी येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आम्ही काढलेल्या रक्तातल्या पेशी वाढल्या नाहीत, तर दुसऱ्यांदा मोफत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सकाळी ११ च्या आत या. पार्सल दुपारच्या गाडीने जातं.